वाजतो

जेल रोडवर, वाधवानीच्या दुकानात,
मागच्या फळीवर बसतात लोकांनी विकून टाकलेले स्पीकर.
कुणाची जाळी पिचकलेली, कुणाच्या पोटावर
खरवडलेल्या स्टिकरचा डिंक.
मी त्यांच्या बॅटऱ्या बदलतो, चार्जिंगची पिन नवी लावतो
आणि शेवटी दोन बटणं एकदम दाबून
दहा आकडे मोजतो.
तेवढ्यात ते आधीच्या घरचं सगळं विसरतात.

हे शेवटचं काम कधी कधी राहून जातं.

त्या दिवशी राहिलं होतं.
साडेसहाची वेळ, रस्ता गच्च,
हातगाडीवर मोबाईलच्या काचा विकणारा बेंबीच्या देठापासून ओरडतोय,
आणि मी एका काळ्या, पेल्याएवढ्या डब्याला झाकण बसवून
नुसतं चालू करून पाहिलं.
निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि ठरला.
आतली बाई परदेशी नाकातून म्हणाली, कनेक्टेड.

कुणाशी?
माझा फोन घरी. शेठचा त्याच्या कानाला.

मग डब्यातून दुसरी बाई:
"...मीठ आधी घालू नको, डाळ शिजत नाही मग.
ऐकतो ना, पंकू?"

तेहेतीस वर्षं झाली या धंद्यात.
वाळूच्या खरखरीतून मी सिलोन काढून दिलंय लोकांना,
पण रेडिओतल्या कुणी कधी मला विचारलं नव्हतं
ऐकतो ना म्हणून.

आत्ता, इथून दहाबारा पावलांवर,
फोन कानाला लावून चालला असणार एक पोरगा,
आणि आईचा आवाज त्याच्या कानातून निसटून
माझ्या टेबलावर आला होता, फ्लक्सच्या वासात.
कुत्र्याने जुना मालक ओळखावा तसं डब्याने ओळखलं त्याला.
आणि डब्याला कानही असतो,
जाळीखाली, तांदळाच्या दाण्याएवढा.
म्हणजे तिला आता ऐकू जात होतं आमचं दुकान:
शेठची घासाघीस, माझा करकरणारा पंखा.

"बाजारात आहे वाटतं. बरं, तो डबा वाजतो ना रे,
मामाने दिलेला?"

रजिस्टरात असेल तिचा पंकू.
आधारची झेरॉक्स, दोनशे ऐंशी रुपये, वाकडी सही.
भंवरकुआँच्या कुठल्यातरी क्लासचा,
महिनाअखेरी येतात तसा आलेला.
चेहरा काही केल्या आठवेना.

मी म्हणालो, "वाजतो."

खोटं कुठे होतं? वाजतच होता की.

"आवाज बसलाय तुझा," ती म्हणाली.
"रात्री हळद घालून दूध घे, आणि कानाला—"

डिसकनेक्टेड.

स्टूल पाडून बाहेर आलो.
शंभर पोरं, शंभर फोन, जो तो हॅलो हॅलो.
निळ्या बॅगेचा एकजण चहावाल्याच्या पुढे थांबून
फोनकडे बघत होता, उलटासुलटा करून.
मग तोही राजवाड्याच्या बाजूला वळला.
तोच असेल. नसेलही.

"मास्टर, क्या हुआ? ग्राहक भागा क्या?"
"नहीं शेठ. फोन था."
"किसका?"
याचं उत्तर मला हिंदीतही सुचलं नाही.

मग दोन बटणं. एक, दोन, तीन.
सातवर बोट जरा सैल पडलं,
पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.
डबा म्हणाला, रेडी टू पेअर,
जणू आत्ताच कागदातून निघालाय.
दुसऱ्या दिवशी साडेचारशेला गेला,
मेंदी काढणाऱ्या एका मुलीने नेला.

त्या रात्री परदेशीपुऱ्यात, घरी,
ताट तसंच ठेवून उठलो तेव्हा
बायको म्हणाली, काय होतंय?
काही नाही, म्हटलं, आवाज बसलाय.
दूध दे थोडं.
हळद घालून.